केमोच्या नोंदी: खाटेचे चार कोपरे

आजार हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, टप्पा तिसरा 'बी' ('बी' म्हणजे ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं अशी लक्षणं असलेला), वय २६. उपचार एबीव्हीडी, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, व्हिनब्लास्टिन आणि डकारबाझिन ह्या चार औषधांची केमो: सहा सायकल, प्रत्येक सायकल २८ दिवसांची, डोस पहिल्या आणि पंधराव्या दिवशी. ह्याच वाटेने जाणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहून ठेवते आहे. औषधांचे निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचे. मी फक्त घरात काय चाललं आणि काय फसलं ते सांगणार. काही नोंदींत नंतरच्या ओळीही जोडल्या आहेत.

१९ जानेवारी २०२३
मानेतल्या गाठीत सुई घालून काढलेल्या नमुन्यावर पुन्हा तोच शेरा, निष्कर्ष निघत नाही. अंगाला खाज, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, वजन उतरलेलं. ह्याला आधी अॅलर्जी म्हणून झालं, मग ताण म्हणून झालं. आजच्या डॉक्टरांनी नीट समजावलं: ह्या आजाराच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी मूठभर असतात, बाकीची गर्दी शरीराच्या आपल्याच पेशींची. सुईच्या टोकाला नेमकी गर्दीच लागते. अख्खी गाठ काढून तपासायची. हे पहिल्यांदाच झालं असतं तर कित्येक आठवडे वाचले असते. तुमच्याकडे सुईचा रिपोर्ट असा अधांतरी आला तर पुन्हा सुईला हो म्हणण्याआधी 'पूर्ण गाठ काढता येईल का' एवढं विचारा.

९ फेब्रुवारी
निदान हातात आलं. पप्पांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. आई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसली. संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. त्यांनी लांबलचक प्रार्थना केली नाही, बराच वेळ नुसते बसून राहिले. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते तोवर त्यांचं बरं चाललं होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. पाळकसाहेबांना ते ठाऊक असावं.

२० फेब्रुवारी
तपासण्यांचा आठवडा. हृदयाचा इको, कारण डॉक्सोरुबिसिन हृदयाला त्रास देऊ शकतं. फुफ्फुसांची चाचणी, कारण ब्लिओमायसिन फुफ्फुसांना. पहिला पेट स्कॅन: साखरेसारखं औषध टोचतात, ते जिथे जास्त ओढलं जातं तिथे चित्र चमकतं.

आणखी एक विषय होता, ज्यावर घरात कुणी तोंड उघडेना: पुढे मूल होण्याचं काय? डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ह्या औषधांचा त्या बाबतीतला धोका तुलनेने कमी आहे, तरी केमो सुरू होण्याआधीच त्या विषयातल्या तज्ज्ञांना भेटलेलं बरं, कारण बीजांडं काढून गोठवायची तर साधारण दोन आठवडे लागतात आणि नंतर घड्याळ थांबत नाही. ताईने अपॉइंटमेंट घेतली आणि आईला बाहेर बसवून माझ्यासोबत आत आली. काय ठरलं ते मी इथे लिहिणार नाही. मात्र तो प्रश्न आपण होऊन विचारा. तुम्ही अविवाहित असाल तर समोरचा विचारेलच असं नाही.

४ मार्च
आज कामांची वाटणी. कल्पना धाकट्या भावाची. बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला खाटेसकट उचलून आणतात, दारात गर्दी म्हणून छप्पर उघडून खाली सोडतात. येशू 'त्यांचा' विश्वास पाहतो. खाटेवरचा माणूस तोवर एक अक्षरही बोललेला नाही. भाऊ म्हणाला, "तू खाटेवर. आम्ही चार कोपरे."

पहिला कोपरा आईचा: खाणं आणि गोळ्यांचा तक्ता. दुसरा पप्पांचा: ने-आण, फाइल, विमा, बिलं. तिसरा ताईचा: ताप, रात्र आणि डॉक्टरांशी बोलणं. चौथा भावाचा: फोन आणि पाहुणे. कागद फ्रिजवर लावला. तेव्हा त्यात एक मोठं भोक राहिलं होतं, ते जूनमध्ये कळलं.

६ मार्च, पहिला डोस
दंडात पिक लाईन टाकली, म्हणजे दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी. हातातल्या बारीक शिरांमध्ये ही औषधं नको, असं सिस्टर म्हणाल्या. डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं. सिस्टर शेजारी बसून ते सिरिंजने हळूहळू आत सोडतात. नंतर लघवी लाल होते. हे आधी माहीत असलं तर रक्त समजून घाबरायला होत नाही. डकारबाझिनच्या पिशवीवर उजेड लागू नये म्हणून जाड आवरण घालतात. सगळं मिळून अर्धा दिवस गेला.

घरी आल्यावर उलटी झाली नाही. झोपही आली नाही. उलटी थांबवणाऱ्या औषधांबरोबर स्टेरॉइड देतात, त्याने डोळे टक्क उघडे राहतात. पुढच्या डोसला ताईने विचारून स्टेरॉइडची गोळी सकाळवर ढकलून घेतली. बराच फरक पडला.

११ मार्च
पोट. ह्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. व्हिनब्लास्टिन आतडी सुस्त करतं आणि उलटीवरची ऑनडान्सेट्रॉन त्यात भर घालते. चौथ्या दिवसापर्यंत मी भिंतीला धरून चालत होते. मावशीने एनिमा सुचवला. ताईने आधी फोन केला म्हणून बरं, कारण पांढऱ्या पेशी उतरत असताना एनिमा किंवा गुदद्वारातून काहीही चालत नाही, जंतुसंसर्गाचं भय. आता रेचक डोसच्या आदल्या रात्रीपासूनच सुरू करायचं, त्रासाची वाट बघायची नाही.

पिक लाईनवर पाणी लागू नये म्हणून पप्पांनी आंघोळीआधी प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टी मारली. पाणी आत गेलंच, वर चिकटपट्टीने कातडी सोलवटली. मग हातभर लांबीचं, दोन्हीकडे घट्ट बसणारं जलरोधक आवरण मिळतं हे कळलं. इतर वेळी लाईन लोंबू नये म्हणून पप्पांनी भाच्याचा मोजा घेतला, पंजा कापला आणि उरलेली नळी माझ्या दंडावर चढवली. त्यावर हत्तीची चित्रं होती. वॉर्डातल्या दोघीतिघींनी नंतर तीच युक्ती उचलली.

२४ मार्च
दुसरा डोस सोमवारी झाला. आज केस हातात यायला लागले. डोक्यावरची कातडी आधी दुखते, हे कुणी सांगितलं नव्हतं. उशीवर रोज पुंजके बघत बसण्यापेक्षा एकदाच काय ते म्हणून भावाला मशीन आणायला लावलं. आई खोलीत थांबली नाही. आजी थांबली आणि म्हणाली, "डोकं मात्र सुरेख आहे गं तुझं, कधी दिसलंच नव्हतं."

३० मार्च (ही नोंद ताईची)
ती लिहू शकत नाही म्हणून मी लिहिते. काल दुपारी तिचं अंग मोडून आलं. घरी आलेल्या नातलगांनी मायेपोटी पॅरासिटॅमॉल दिली. संध्याकाळी मी थर्मामीटर लावला तर ९९.६ फॅरनहाइट. सगळे निश्चिंत. पण तिला हुडहुडी भरत होती आणि गोळीचं मला तेव्हा समजलं. गोळीने ताप झाकला होता. आमच्या कागदावरचा नियम १००.४ ला (म्हणजे ३८ सेल्सिअसला) निघायचं असा आहे. आकडा गाठायची वाट न बघता निघालो, वाटेत तो १०१.८ झाला.

दारातच सांगायचं वाक्य मी पाठ केलं होतं: "केमो चालू आहे, शेवटचा डोस नऊ दिवसांपूर्वी, ताप आहे." एवढ्याने रांग टळली. रक्त घेतलं आणि तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली होते. डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास ते तळाला असतात, तेव्हाच जास्त जपायचं.

घरी आता गोळ्यांचा डबा आईच्या कपाटात कुलपात आहे. आधी थर्मामीटर, मग दवाखान्याला फोन, मग त्यांनी सांगितली तर गोळी. बॅग दाराशी भरून ठेवली आहे: फाइल, चार्जर, मऊ ब्रश, पांघरूण. रात्री तिने प्रार्थना कर म्हटलं. मला शब्दच सुचेनात, मी मॉनिटरवरचे आकडे मोठ्याने वाचत राहिले. ती म्हणाली, चालेल.

९ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार
घरी. डोस आठवडाभर पुढे गेला, उद्या आहे. उपासनेला जायला मनाई, गर्दी नको. पाळकसाहेब दुपारी मास्क लावून आले, प्रभुभोजनासाठी माझा पेला वेगळा, उकळून आणलेला. सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायचं, ही सवय मोडताना आजीला वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

खरं सांगायचं तर ह्या पंधरवड्यात बायबल उघडलं की अक्षरं हलायची. भावाने आजीच्या आवाजात स्तोत्रं फोनवर रेकॉर्ड करून दिली. आजी अडखळते, मध्येच खोकते, एकदा 'गॅस बंद कर गं' असंही आलं आहे. मी बहुतेक ८८ वं ऐकते. बाकीची रडगाण्याची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. असलं स्तोत्र कुणी गाळून टाकलं नाही, ह्याचा मला मोठा आधार वाटतो.

२६ एप्रिल
भावाच्या कोपऱ्याची सुधारणा. दिवसभर 'कशी आहेस?' चे मेसेज, आणि प्रत्येकाला उत्तर देता देता माझा जीव मेटाकुटीला आला होता. आता रविवारी रात्री एकच निरोप, भावाकडून, खाली नेमक्या विनंत्या: तोंड येऊ नये, मंगळवारी झोप लागावी, आईची पाठ. 'सर्व काही ठीक होवो' ह्यापेक्षा अशी प्रार्थना लोक मन लावून करतात असं दिसलं. शिवाय 'आईची पाठ' वाचून एकजण मालिशचं तेल घेऊन आलीच.

पाहुण्यांसाठी दारावर पाटी: सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, फुलं नकोत, हात धुवा, पंधरा मिनिटं. दोघं रुसले. रुसू देत.

एक गृहस्थ मात्र पाटीला जुमानले नाहीत. त्यांचं म्हणणं, खरा विश्वास असेल तर केमो कशाला, ती तर शंकाच झाली. माझे हातपाय गळाले. पप्पा सहसा वाद घालत नाहीत. त्यांनी बायबलमधला यशयाचा ३८ वा अध्याय काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. हिज्कीया राजा मरणाच्या दारी असतो, रडून प्रार्थना करतो, देव ती ऐकून पंधरा वर्षं वाढवून देतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी यशया सांगतो की गळवावर अंजिरांचा लेप बांधा. "प्रार्थना ऐकल्यावरसुद्धा लेप लागला," पप्पा म्हणाले, "हिचा लेप जरा महाग आहे एवढंच." आणि चहासुद्धा न विचारता त्यांना दारापर्यंत सोडून आले.

५ मे
दोन सायकलींनंतरचा पेट स्कॅन. आधी सहा तास उपाशी, आदल्या दिवशी धावपळ नाही. जाताना गरम कपडे घाला. थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी साखर ओढून घेते आणि चित्रात चमकते, तरुण मुलींमध्ये विशेष. आजार जिथे होता नेमकं तिथेच असलं काही चमकायला नको. इंजेक्शननंतर तासभर काळोख्या खोलीत गप्प पडून राहायचं. त्या वेळात मी प्रार्थना केली असं लिहायला आवडलं असतं. मी मनातल्या मनात पाढे म्हटले.

संध्याकाळी निकाल: डोव्हिल गुण २. एक ते पाच अशी मोजपट्टी, तीनपर्यंत चांगलं. म्हणजे पुढच्या चार सायकलींत ब्लिओमायसिन गाळता येईल. ही सवलत रॅथल नावाच्या मोठ्या चाचणीमुळे मिळते, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. अनोळखी रुग्णांनी त्या चाचणीत भाग घेतला म्हणून माझी फुफ्फुसं वाचताहेत. भावाच्या रविवारच्या निरोपात ह्या वेळी आभाराची ओळ त्यांच्या नावाची होती.

२२ मे
काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा, पुन्हा खाली, तरी डोस दिला. मला वाटलं चूक झाली, ताईने विचारलं. ताप नसेल तर ह्या उपचारात नुसत्या कमी काउंटसाठी बहुधा थांबत नाहीत, डोस वेळेवर जाणं महत्त्वाचं. खाण्याचं म्हणाल तर धातूची चव येते, प्लास्टिकचा चमचा बरा. आवडीचा पदार्थ डोसच्या दिवशी खाऊ नका, तो कायमचा नावडता होतो. माझा एक गेला.

१९ जून
आई पडली. चक्कर येऊन, ओट्यापाशी. सगळ्या तपासण्या ठीक, डॉक्टरांनी एकच विचारलं: शेवटचं सलग कधी झोपलात? आईला सांगता येईना. मार्चपासून तिने एकदाही सुट्टी घेतली नव्हती. आम्ही तिघांनी आपापले कोपरे नीट धरले होते आणि तिच्या कोपऱ्याकडे कुणी बघितलंच नाही.

हेच ते भोक. कागदावर प्रत्येक कोपऱ्याला एकच नाव होतं. आज नवा कागद: प्रत्येकाला एक बदली माणूस, आठवड्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी. आईच्या बदलीला चर्चच्या मंडळीतल्या दोघी, त्यांपैकी एकीला आईने चार दिवस स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. "माझ्या लेकीचं मी बघेन." शेवटी आजीने तिला झापलं: "मार्थेसारखं करू नकोस, बस जरा." (बायबलमधली मार्था, पाहुणचाराच्या कामात गुरफटून गेलेली.) आईला हसू आलं आणि मग रडू. आता बुधवारी ती समाजगृहात शिवणाला जाते. परत आल्यावर पहिला प्रश्न, जेवली का.

१७ जुलै
आता दवाखान्याच्या पायरीवरच मळमळतं, औषध लागण्याआधी. सिस्टर म्हणाल्या, असं होतं. मेंदू वास आणि जागा लक्षात ठेवतो. आदल्या रात्रीची एक गोळी लिहून दिली आणि वेगळी खुर्ची दिली, खिडकीकडची. डकारबाझिनच्या वेळी हातावर गरम कपडा आणि थेंब थोडे हळू, त्याने शिरेतली आग कमी होते, हे मी शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला सांगितलं. तिला पिक लाईन नाही. ती माझ्यापेक्षा लहान आहे, आजार तोच, तिचा पहिला स्कॅन मनासारखा आला नाही. आम्ही नंबर घेतले.

१४ ऑगस्ट
शेवटचा डोस. मंडळीतले लोक केक आणणार होते, मी नको म्हटलं. तोंड आलेलं आहे, मीठ-सोड्याच्या गुळण्या चालू आहेत, केक कुठून खाऊ? लाईन काढली. नुसती सर्रकन ओढली, दुखलंसुद्धा नाही. हत्तीचा मोजा पप्पांनी धुऊन भाच्याला परत दिला. अर्थात त्याचा आता काही उपयोग नाही.

३ ऑक्टोबर
शेवटचा स्कॅन स्वच्छ. डॉक्टर 'रेमिशन' म्हणाले, म्हणजे आजाराची खूण आता दिसत नाही. 'बरी झालीस' म्हणायला अजून वेळ आहे. पुढे पहिली दोन वर्षं साधारण तीन महिन्यांनी तपासणी. लक्षण नसेल तर उगाच स्कॅन नाही. हे ऐकून मला धीर यायला हवा होता, पण स्कॅनशिवाय कळणार कसं, ह्याच विचाराने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. केमो चालू असताना असली भीती नव्हती. तेव्हा रोज काहीतरी करायचं असायचं.

२६ नोव्हेंबर
मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, सांगितलं. वडील मंडळींपैकी एकांनी सुचवलं की 'चमत्कार' हा शब्द यावा. दोन आठवड्यांपूर्वी दवाखान्यातली माझ्या शेजारच्या खुर्चीवरची ती मुलगी गेली. तिच्या आईने माझ्या आईपेक्षा कमी प्रार्थना केली नव्हती. मी उभी राहून 'देवाने मला वाचवलं' म्हटलं, तर तिच्या आईला काय सांगू?

पाळकसाहेबांना हेच विचारलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते बनवलंही नाही. म्हणाले, जेवढं पाहिलंस तेवढंच सांग. म्हणून मी फ्रिजवरचा दुसरा कागद घेऊन गेले आणि वाचला: कोण, कुठला कोपरा, कोणाची बदली. सिस्टरांचे आभार मानले. त्या मुलीसाठी उभं राहायला सांगितलं. 'चमत्कार' आला नाही. घरी येताना पप्पा म्हणाले, साक्ष छोटी होती पण ठीक होती.

१५ जानेवारी २०२४
अर्धवेळ कामावर. दुपारी बॅटरी संपते, शब्द आठवत नाहीत, काल 'झाकण' हा शब्द सापडायला पाच मिनिटं गेली. रोजचं चालणं वाढवते आहे. विश्रांतीपेक्षा चालण्याने थकवा जास्त हटतो, हे आधी पटत नव्हतं.

पाकिटात दोन चिठ्ठ्या कायम. एक, मला रक्त चढवायची वेळ आली तर ते किरणांची प्रक्रिया केलेलंच चढवावं, डॉक्टरांनी हे जन्मभरासाठी सांगितलं आहे. दोन, ब्लिओमायसिन घेतलेलं आहे, त्यामुळे कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्यांना सांगायचं, जादा ऑक्सिजनचा प्रश्न असतो. ताईच्या आणि भावाच्या फोनमध्येही दोन्हींचे फोटो आहेत.

त्या मुलीच्या आईला आम्ही दर गुरुवारी फोन करतो. एका आठवड्यात मी, दुसऱ्यात आई. त्यांना प्रार्थना नको असते, नुसतं बोलायचं असतं, कधी तेही नाही. मागच्या गुरुवारी त्यांनी मोज्याचं विचारलं, कुठून आणला होता, त्यांच्या शेजारणीच्या मुलाला लाईन टाकली आहे. पप्पा आज दोन जोड घेऊन आले. पंजे कापून उद्या पाठवायचे आहेत.